‘आपल्यात आभार कसले?’ : जुन्या मैत्रीची उपकारस्तुती

एका भगिनीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. त्यांची आणि त्यांच्या मैत्रिणीची मैत्री बेचाळीस वर्षांची आहे. पतीच्या दीर्घ आजारपणात अकरा महिने ही मैत्रीण जवळजवळ रोज येत राहिली आणि पतीच्या निधनानंतरही तिचे येणे थांबले नाही. आभाराचा विषय काढला की ती ‘आपल्यात आभार कसले?’ असे म्हणून तो तिथेच मिटवते. प्रार्थनेत तिच्यासाठी देवाचे आभार मानावेत, तर ते एका ओळीत संपतात आणि कोरडे वाटतात. शिवाय या बेचाळीस वर्षांतली मधली सहा वर्षे दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. उपकारस्तुती करताना ती सहा वर्षे वगळायची का, हेही त्यांना कळत नाही. टिकलेल्या मैत्रीबद्दल ख्रिस्ती माणसाने कृतज्ञ असणे म्हणजे नेमके काय, आणि ही कृतज्ञता कोणाजवळ व कशी बोलावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

भगिनी, पाळकीय सेवेत मला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. या काळात मी असंख्य अंत्यविधी चालवले, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी जुना मित्र किंवा जुनी मैत्रीण उभी राहून मृताविषयी असे काही सांगते की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. घरी परतताना माझ्या मनात एकच विचार घोळत राहतो, की ज्याच्यासाठी हे शब्द होते त्याने ते कधी ऐकलेच नाहीत. आपण हा प्रश्न मैत्रीण हयात असताना विचारलात, याचे मला मनापासून समाधान वाटते, आणि म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आपल्या मैत्रिणीचे वाक्य उडवून लावण्यासारखे नाही. ‘आभार मानून मोकळे होणे’ असा वाक्प्रचारच आपल्या भाषेत रूढ आहे. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन होते आणि माणसे खुर्च्या सरकवून उठतात, कारण आभार ही समारोपाची खूण असते. आपण आभार मानू लागलात की मैत्रिणीला बहुधा नेमके हेच ऐकू येते, की आता हिशेब पुरा होत आहे, आता ही मोकळी होणार. तिला आपण मोकळ्या व्हायला नको आहात. तिच्या नकारात मैत्रीला व्यवहारापासून जपण्याची धडपड आहे, आणि ती धडपड बायबलच्या दृष्टीनेही चुकीची नाही.

पण आपल्या मराठी पवित्र शास्त्राने या गोष्टीसाठी दुसरा एक शब्द घडवला आहे, तो म्हणजे उपकारस्तुती. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण तो इतक्या वेळा ऐकतो की त्याच्याकडे थांबून पाहत नाही. त्यात उपकार आहे आणि स्तुती आहे, मात्र परतफेडीचा मागमूस नाही. मूळ ग्रीक शब्द ‘युखारिस्तिया’ हा आहे आणि त्याच्या पोटात ‘खारिस’ म्हणजे कृपा दडलेली आहे. प्रभुभोजनाच्या विधीलाही मंडळीने फार पूर्वीपासून हेच नाव दिले. कृपा फेडता येत नाही, तिच्याबद्दल फक्त बोलता येते, आणि तेही जितके बोलावे तितके अपुरेच पडते. आपली मैत्रीण रोज दाराशी आली तेव्हा जी कृपा आली तिचा उगम मैत्रिणीत नव्हता. ती मैत्रिणीच्या पावलांनी आली. म्हणून आपण मैत्रिणीच्या ऋणको नाही. आपण दोघी मिळून एकाच धन्याच्या ऋणात आहात, आणि त्याने ते ऋण वसूल करायचे नाही असे ठरवले आहे. हे एकदा मनात उतरले, की आभारातला जो भाग मैत्रिणीला खुपतो तो आपोआप गळून पडतो.

आरंभीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेले पत्र मी आपल्याला या नजरेने पुन्हा वाचायला सांगेन. पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या लोकांनी त्याला एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे, आणि ती पोहोचवण्याच्या खटाटोपात एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला आहे. आता पत्राच्या शेवटी चौथ्या अध्यायात पौल या मदतीचा उल्लेख करतो, तेव्हा एक नवल दिसते. तो आनंद व्यक्त करतो, तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगले केले असे म्हणतो, थेस्सलनीकात असतानाही तुम्ही माझी गरज एकदा नव्हे तर दोनदा भागवलीत याची आठवण देतो. परंतु ‘मी तुमचे आभार मानतो’ असे सरळ शब्द त्या परिच्छेदात कुठेही येत नाहीत. उलट तो व्यापाऱ्यांच्या वहीतले शब्द उचलतो. देणे आणि घेणे, खात्यावर जमा, आणि ‘मला सर्व पोहोचले’ हे पावतीवर लिहिले जाणारे क्रियापद, हे सगळे तिथे आहे. आणि हे शब्द वापरून तो हिशेबच उलटा करतो: तुम्ही मला दिलेत, पण जमा तुमच्याच खात्यावर होत आहे, आणि तुमची गरज मी नव्हे, माझा देव पुरवील. फेड करणारा तिसराच कोणी आहे, असे तो निःसंकोच सांगतो.

याचा अर्थ पौल माणसांचे आभार मानण्याच्या विरोधात होता असा कोणी काढला, तर त्याला रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय दाखवावा. तिथे प्रिस्का आणि अक्विला यांच्याविषयी तो लिहितो की त्यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली, आणि त्यांचे आभार मी एकटाच नव्हे तर परराष्ट्रीयांतल्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, सर्व मंडळ्याही मानतात. इथे आभार थेट माणसांचे आहेत. काही भाविक मंडळी ‘सर्व गौरव देवाला’ असे म्हणून माणसाला तोंडभर धन्यवाद देण्याचे टाळतात. मला ती भक्ती अपुरी वाटते. देवाला गौरव दिला म्हणून मैत्रिणीचे नाव मिटत नाही. ते अधिक ठळक होते, कारण कृपा कोणाच्या हातून आली हे सांगितल्याशिवाय कृपेची गोष्ट पुरी होत नाही.

आता आपल्या कोरड्या प्रार्थनेकडे येतो, कारण माझ्या अनुभवात खरी अडचण तिथेच असते. ‘हे प्रभू, तू मला चांगली मैत्रीण दिलीस याबद्दल मी तुझे उपकार मानते’ हे वाक्य खरे आहे, पण ते कोणाही मैत्रिणीबद्दल म्हणता येईल. रोमकरांसच्या त्याच अध्यायात पौल चोवीस जणांना नावाने सलाम सांगतो आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या नावापुढे एक लहानशी खूण ठेवतो: हिने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले, हा आशियातले पहिले फळ, आणि रूफाच्या आईबद्दल तर ‘जी माझीही आई’. तीमथ्याला लिहिताना तो अनेसिफराची आठवण काढतो ती याहूनही बारकाईने. त्याने पुष्कळ वेळा माझा जीव थंड केला, त्याला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, आणि रोममध्ये आल्यावर त्याने कसून शोध करून मला गाठले. हा ‘कसून शोध’ मला फार महत्त्वाचा वाटतो. बंदिवानाचा पत्ता सहज मिळत नसणार, बंदिवानाची चौकशी करणाऱ्याकडे संशयाने पाहिले जात असणार, आणि हा मनुष्य तरीही दारोदार विचारत फिरला. पौलाने ते लक्षात ठेवले. कृतज्ञतेचे मूळ काम लक्षात ठेवणे हेच आहे, आणि प्रार्थना कोरडी होते ती भावना आटल्यामुळे क्वचितच. बहुतेकदा तपशील हरवल्यामुळे होते.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका वृद्ध सदस्याच्या भेटीला गेलो होतो. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. त्यांचा शाळेपासूनचा मित्र पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसला होता आणि मांडीवर टॉवेल पसरून त्यांच्या डाव्या हाताची नखे कापत होता. मित्राचे स्वतःचे हातही थोडे थरथरत होते, म्हणून तो प्रत्येक बोटाशी थांबत होता, श्वास रोखत होता, कापत होता, आणि तुकडा टॉवेलवर पडला की पुन्हा पुढचे बोट धरत होता. दोघे एक शब्दही बोलत नव्हते. मी उभाच राहिलो. नंतर प्रार्थना करताना मी त्या आजारी बंधूंना म्हटले, ‘आज आपणच बोला.’ जीभ जड झाली होती, तरी ते म्हणाले, ‘प्रभू, उजवा हात असता तर मी ही नखे स्वतःच कापली असती. मग हा इतका वेळ माझा हात धरून बसला नसता.’ एवढेच. उपकारस्तुती या विषयावर मी पुष्कळ प्रवचने दिली आहेत, पण त्या दोन वाक्यांची सर त्यांना नाही.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा असाच तपशील आहे. ती किती वाजता यायची, आली की आधी काय करायची, कोणत्या दिवशी तिला स्वतःला ताप असतानाही ती आली, औषधांच्या वेळांचा तक्ता कोणी लिहिला, पती चिडून बोलले तेव्हा तिने ते कसे सोसले, आपण रडत असताना ती काय म्हणाली किंवा काहीच न म्हणता कुठे बसली, हे सगळे आठवा आणि कागदावर लिहा. एका बैठकीत लिहून होणार नाही. आठवणी एकीला धरून दुसरी अशा येतात आणि कधी आठवड्यांनी येतात. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दररोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरीच मिळालेल्या उपकारांबद्दल देवाची उपकारस्तुती करणे ही आहे. पापांचा आढावा त्यानंतर येतो. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. रोज रात्री त्या कागदावरची एकच ओळ घ्या आणि तेवढ्याच एका ओळीसाठी देवाशी बोला. संपूर्ण मैत्रीसाठी एकदम आभार मानायचा प्रयत्न काही काळ सोडून द्या.

आता त्या सहा वर्षांबद्दल. आपण हा भाग प्रश्नाच्या शेवटी, जवळजवळ ओशाळून लिहिला आहे, पण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे.

टिकलेली मैत्री म्हणजे न तुटलेली मैत्री, अशी आपली नकळत समजूत असते. पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातल्याच चौथ्या अध्यायात दहाव्या वचनात पौल म्हणतो की माझ्याविषयीची तुमची काळजी आता पुन्हा जागी झाली. तिथले ग्रीक क्रियापद झाडासाठी वापरतात, त्याचा अर्थ पुन्हा पालवी फुटणे असा आहे. म्हणजे मधे एक काळ असा गेला होता की फांदी उघडी होती. काहीच आले नव्हते. आणि लगेच पुढे तो जोडतो की काळजी तुम्हाला होतीच, तुम्हाला संधी नव्हती. त्या गप्प काळाचा सर्वांत उदार अर्थ तो लावतो, पण तो काळ होता हे तो लपवत नाही. याच पौलाचे आणि त्याचा सोबती बर्णबा याचे मार्क नावाच्या सहकाऱ्यावरून इतके तीव्र मतभेद झाले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे प्रेषितांची कृत्ये पंधराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. आणि पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे, असा निरोप आहे.

याहून खोल दाखला प्रभू येशूचा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये मोठा कोण यावरून वाद होतो, आणि त्या वादानंतर लगेच येशू त्यांना म्हणतो की माझ्या परीक्षांमध्ये माझ्याबरोबर टिकून राहिलेले ते तुम्हीच. पुढच्या काही वचनांत तो पेत्राला सांगणार आहे की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. हे शिष्य त्याच रात्री झोपणार आहेत, पळणार आहेत, आणि हे त्याला माहीत आहे. तरी तो त्यांना ‘टिकून राहिलेले’ म्हणतो, आणि हे शब्द उगीच गोड बोलण्यासाठी नाहीत. ते खरोखरच तीन वर्षे टिकले होते. येणाऱ्या रात्रीमुळे गेलेली वर्षे खोटी होत नाहीत. आपल्या सहा वर्षांमुळेही उरलेली छत्तीस खोटी होत नाहीत, आणि छत्तीस वर्षांच्या गोडव्याने ती सहा पुसूनही टाकायची नाहीत.

मंडळीच्या इतिहासात याचे एक विलक्षण प्रामाणिक उदाहरण आहे. चौथ्या शतकातले बासिल आणि ग्रेगरी हे दोघे धर्मपुढारी कप्पदुकियाचे (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश), अथेन्समध्ये एकत्र शिकलेले, आणि त्यांची मैत्री पुढे दाखला म्हणून सांगितली जाऊ लागली. बासिल ३७० मध्ये कैसरियाचे बिशप झाले. दोन वर्षांनी सम्राट व्हॅलेन्सने प्रांताची विभागणी केली, तेव्हा आपल्या बाजूची मंडळी राखण्यासाठी बासिल यांनी नवे बिशप नेमले आणि ग्रेगरींना सासिमा नावाच्या ठिकाणी पाठवायचे ठरवले. सासिमा म्हणजे रस्ते जिथे मिळतात असे एक धुळीचे, गाड्यांच्या गोंगाटाचे ठाणे. मित्राने आपल्याला राजकारणातल्या सोंगटीसारखे वापरले, हे ग्रेगरींच्या मनाला फार लागले. ३७९ मध्ये बासिल वारले. त्यानंतर काही वर्षांनी ग्रेगरींनी त्यांच्यावर जे दीर्घ स्मृतिभाषण रचले त्यात अथेन्समधल्या त्या मैत्रीचे वर्णन इतके उत्कट आहे की सोळा शतकांनंतरही ते वाचले जाते. आणि त्याच भाषणात सासिमाचे दुःखही आहे, या एका गोष्टीसाठी मी त्यांना दोष देतो असे सांगून केलेले. ग्रेगरींनी व्रण दाखवला आणि तरीही उपकारस्तुती केली. मला ही कृतज्ञता निर्दोष गुणगानापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते, कारण निर्दोष माणसाबद्दल कृतज्ञ असायला कृपेची गरज लागत नाही.

म्हणून ती सहा वर्षे प्रार्थनेत येऊ द्या. चूक झाली त्या चुकीबद्दल आभार मानायला मी सांगत नाही. वाईटाला चांगले म्हणणे ही कृतज्ञता नव्हे, आणि ज्या नात्यात सातत्याने अपमान किंवा जाच होता तिथे तर असा सल्ला मी कधीच देणार नाही. पण सहा वर्षांनंतर पहिला शब्द कोणी उच्चारला? तो कसा उच्चारला गेला? दुसरीने त्याला उत्तर का दिले? माझ्या समजुतीप्रमाणे बेचाळीस वर्षांतला सर्वांत मोठा उपकार त्या एका क्षणात आहे. मैत्री सुरू होते तेव्हा दोघी एकमेकींना पुरते ओळखत नसतात. समेट होतो तेव्हा दोघींना एकमेकींचे सर्वांत वाईट रूप माहीत झालेले असते, आणि तरी दार उघडले जाते.

आपल्या पत्रात आणखी एक ओझे मला जाणवले, ते परतफेडीचे. तिने इतके केले, मी काय केले, असा सूर त्यात आहे. मैत्री ही एकच गोष्ट अशी आहे की तिला शपथ नाही, करार नाही, रक्ताचे बंधन नाही. नाझी राजवटीला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांना ५ एप्रिल १९४३ रोजी अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून ते आपले मित्र एबरहार्ड बेट्गे यांना पत्रे लिहीत राहिले. तुरुंगाच्या नियमांत कुटुंबीयांना स्थान होते. मित्राला मात्र मित्र म्हणून कोणताच हक्क नव्हता. जानेवारी १९४४ मधल्या एका पत्रात बॉनहॉफर याच गोष्टीचा विचार करतात आणि मैत्रीची जागा कर्तव्याच्या चौकटीत न शोधता स्वातंत्र्याच्या प्रांतात शोधतात. जिथे देणे बंधनकारक नाही तिथे दिलेले सगळे दानच असते, आणि दानाला एकच साजेसे उत्तर असते. ९ एप्रिल १९४५ रोजी बॉनहॉफर यांना फाशी देण्यात आले. बेट्गे यांनी ती पत्रे जपली, १९५१ मध्ये प्रसिद्ध केली, मित्राचे मोठे चरित्र लिहिले आणि २००० साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या मित्राचे काम जगासमोर मांडत राहिले. पंचावन्न वर्षे त्यांनी जे केले त्याला परतफेड म्हणता येत नाही, कारण घेणारा हयातच नव्हता.

दावीद आणि योनाथानाच्या बाबतीतही हेच दिसते. योनाथानाचा बाप राजा शौल दावीदाच्या जिवावर उठलेला असताना योनाथान जीफच्या रानात त्याला भेटायला गेला, आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तेविसाव्या अध्यायात लिहिले आहे की त्याने देवाच्या ठायी दावीदाचा हात बळकट केला. ही त्या दोघांची नोंदलेली शेवटची भेट. योनाथान पुढे गिलबोवाच्या डोंगरावर मारला गेला. दावीद त्याला काहीही परत देऊ शकला नाही. वर्षे लोटली, दावीद राजा झाला, आणि एके दिवशी त्याने विचारले की योनाथानाप्रीत्यर्थ मी ज्याच्यावर दया करावी असा शौलाच्या घराण्यातला कोणी उरला आहे काय? तेव्हा लो-दबार येथे दुसऱ्याच्या घरी राहणारा, दोन्ही पायांनी अधू असलेला मफीबोशेथ त्याच्यापुढे आणला गेला आणि राजाच्या मेजावर कायमचा जेवू लागला. मित्राला देता न आलेले मित्राच्या मुलाला मिळाले. आपल्या मैत्रिणीने आपल्यासाठी केलेले आपण तिला परत करू शकणार नाही, आणि तशी गरज न पडो अशीच माझी प्रार्थना आहे. पण मंडळीत एखादी बाई आज आजारी पतीच्या उशाशी एकटी बसलेली असेल. तिच्या दाराशी सलग अकरा महिने जाणे कसे असते, हे आपण दुसऱ्या बाजूने पाहिले आहे.

राहिला प्रश्न मैत्रिणीशी बोलण्याचा. इथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. धर्मशिक्षणाच्या काळातला माझा एक मित्र होता. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्रवचनांत लोकांवर तोंडसुख घेत असे आणि ते निर्भीडपणाचे लक्षण समजत असे. त्याने एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘तू लोकांवर रागावतोस, आणि त्याला वचनाचा आधार लावतोस.’ नीतिसूत्रांत मित्राने केलेले घाय विश्वासूपणाचे असतात असे म्हटले आहे, ते मला तेव्हा आठवले नाही. मी महिनाभर त्याच्याशी तुटक वागलो. पुढे माझ्या सेवेचा सगळा सूर त्या एका वाक्याने बदलला. हे मी त्याला सांगणार होतो. दरवर्षी सांगणार होतो. त्याचे निधन झाल्याचे कळले तेव्हा मी त्याला लिहायच्या पत्राची सुरुवात मनात तयार होती आणि कागद कोरा होता. ते मी त्याच्या पत्नीला सांगितले, ती रडली, आणि म्हणाली की त्याला शेवटपर्यंत वाटत होते की आपण तुम्हाला दुखावले.

म्हणून आपल्या मैत्रिणीला आभार म्हणू नका, गोष्ट सांगा. ‘आभार’ हा शब्द उच्चारला की ती हात झटकणार. पण ‘तुला आठवते का, त्या दिवशी तू आल्यावर आधी खिडकी उघडली होतीस’ असे म्हटले तर ती काय झटकणार? आपण ते लक्षात ठेवले आहे, इतकेच तिला कळू द्या. समोरासमोर जीभ वळत नसेल तर पत्र लिहा, हाताने लिहा, आणि त्यात विशेषणे कमीत कमी ठेवा. ‘तू फार प्रेमळ आहेस’ यापेक्षा ‘तू ताप असताना आलीस, हे मला नंतर कळले’ हे वाक्य तिच्याजवळ जास्त काळ राहील. त्या सहा वर्षांचा उल्लेख पहिल्या पत्रात करू नये असे मला वाटते. तो समोरासमोर, घाई नसताना आणि शक्यतो तिने विषय काढल्यावर व्हावा. आणि तो करताना आपल्या वाट्याची चूक आधी, तिच्या वाट्याची मुळीच नाही.

एवढे करूनही ती ‘आपल्यात आभार कसले?’ म्हणालीच, तर वाद घालू नका. तिला सांगा की आभार देवाचे आहेत आणि त्याला ते ऐकायला आवडतात. तू फक्त शेजारी बस. मग तिच्यादेखत, मोठ्याने, त्या कागदावरच्या तीन-चार ओळी घेऊन प्रार्थना करा. तिचे नाव घ्या, दिवस सांगा, खिडकी सांगा, ताप सांगा. आणि प्रार्थना संपत आली की थांबा, आमेन तिला म्हणू द्या.